डाव्या सीटचं वजन

१

चोर आला, आणि नेलं काय, तर एक स्प्रिंग.

सकाळी भाचीने शेडची कडी काढली आणि तिथूनच मावशीला हाक मारली. मावशी हातातला चहा न सांडता आली, कारण आयुष्यात तिने चहा कुणासाठीही सांडलेला नव्हता. शेडमध्ये पिकअप उभी होती ती पुढच्या डाव्या बाजूला एका लाकडी ठोकळ्यावर. चाक काढून बाजूला आडवं ठेवलेलं. चाकामागे जिथे जाडजूड स्प्रिंग आणि तिच्या पोटातून जाणारा शॉकअप असा अख्खा जोड असायला हवा, तिथे नुसती पोकळी होती.

"बाकी काही गेलंय?" मावशीने विचारलं.

"काही नाही. गाडी ओढायची विंच आहे, डिझेलचे कॅन आहेत, उजवीकडची स्प्रिंग आहे. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटेही जागच्या जागी आहेत."

मावशीने आयुष्यभर विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. चुरा झालेल्या, जळालेल्या, मुद्दाम दरीत ढकललेल्या अशा कितीतरी. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. पाहुणी म्हणून गेली तरी यजमानाला चार प्रश्न विचारून घाम फोडायची. आता ती कमरेवर हात ठेवून त्या भोकाकडे बघत राहिली.

चोरी विचित्र होती, पण त्या शेडमध्ये विचित्र काही घडलं याचं दोघींनाही फारसं नवल वाटलं नाही. ही गाडी भाचीच्या बाबांची. वर्षापूर्वी ती एका उंच पठारावरच्या कच्च्या रस्त्यावर सापडली होती. एक ओरखडा नाही, दारं लावलेली, किल्ली आतच. आणि बाबा थोड्या अंतरावर, कड्याखाली. पोलिसांनी अपघात असं लिहिलं. लोकांनी मात्र आपसांत वेगळं ठरवलं. बायको गेल्यापासून माणूस मिटून गेला होता, एकटाच गेला, कड्यापाशी गाडी लावली, आणखी काय सांगायला हवं?

गाडी घरी आणली तेव्हापासून ती उजवीकडे झुकून उभी राहायची. उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. फार नाही, दोन बोटं. पण संध्याकाळी शेडचे पत्रे थंड होऊन टकटक वाजायला लागले आणि दारातून बघितलं, की वाटायचं कुणीतरी स्टिअरिंगवर बसलंय. भाची दिवे लागल्यावर शेडकडे फिरकत नसे. मावशी फिरकायची, पण तिथे उगाच मोठ्याने बोलायची.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "मी त्या पठारावर जाऊ नये असं बाबांना वाटतंय का?"

"तुझ्या बाबांना स्प्रिंग काढायची असती तर दोन्ही काढल्या असत्या. अर्धवट काम केलेलं मी त्यांचं कधी बघितलं नाही." मावशी खाली वाकली. "हे जिवंत माणसाचं काम आहे. आणि तो माणूस काल आपल्या चहाला होता."

२

कालचा चहा असा झाला होता.

भाचीने ठरवलं होतं की बाबांचीच गाडी घेऊन त्याच पठारावर जायचं आणि कडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. का, ते तिने फक्त मावशीला सांगितलं होतं. बाबांचा शेवटचा फोन आला तेव्हा ती कामात होती, आणि वैतागून म्हणाली होती, "तुमचं ते रडगाणं ऐकायला मला वेळ नाही, बाबा." ते हसले होते आणि त्यांनी फोन ठेवला होता. त्यानंतर त्यांचा आवाज नाही. तेव्हापासून पोरगी धड झोपली नव्हती. बाबा स्वतःहून गेले असतील तर धक्का आपणच दिला, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं, आणि मावशीच्या सगळ्या समजुती त्यापुढे फिक्या पडत होत्या.

पण आधी गाडी धड हवी. म्हणून काल स्प्रिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं होतं. बाबांची गाडी त्यांनीच बांधली होती. बाबांचा भटकंतीतला जुना मित्र आला होता, त्याला सगळे भटक्या म्हणत. आणि शेजारच्याच घरात राहणारे काका, बाबांचे धाकटे भाऊ, लंगडत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

भटक्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "गाडी उचला. चांगली वीतभर उचला. मोठे टायर टाका. लांबून दिसली पाहिजे."

"लांबून दिसायला झेंडा लावा," मिस्त्री म्हणाले. "उंच केली की वळणावर लोळते. दगडावरून पोट निघण्यापुरती उचलायची, बस. आधी मला सांगा, गाडीत कायम वजन किती? कधीमधी टाकायचं ते नाही, कायमचं. पाण्याची टाकी, तंबू, डिझेल. पाटे त्या वजनाचे घ्यायचे. भारी पाटे टाकून गाडी मोकळी पळवली तर ती तुम्हाला घोड्यावरून फेकल्यासारखं फेकेल. आणि शॉकअप चांगल्या दर्जाचे, गॅसचे घ्या. दिवसभर खडबडीत रस्त्यावर साधे शॉकअप तापून मरतात, मग स्प्रिंग कितीही चांगली असो."

"तंबू आणि पाणी असेल," भाची म्हणाली.

"आणि डावीकडे कोण बसणार?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मग उद्या गाडी माझ्याकडे आणा. चारही बाजू खोलून बघतो, जुनं काय ठेवायचं आणि काय नाही ते ठरवू."

यावर काकांनी कप खाली ठेवला होता. फक्त एवढंच. मावशीला ते आज सकाळी आठवलं, आणि आठवलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. कप तर सगळेच ठेवतात.

तिने पुन्हा शेडच्या जमिनीकडे लक्ष दिलं. वर्षभराची धूळ होती. काढलेल्या चाकाच्या जागेसमोर, जिथे काम करणाऱ्याने गुडघे टेकले असते, तिथे गुडघ्यांचे ठसे नव्हते. तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन होता, काहीतरी मऊ, जाड अंथरल्यासारखा. आणि चाकाचे नट कुठे विखुरलेले नव्हते. ते ज्याच्या त्याच्या बोल्टवर बोटाने फिरवून परत बसवले होते.

"नीटनेटका चोर आहे," मावशी म्हणाली. "याला गाडीची काळजी होती."

३

मिस्त्री आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, तुम्ही माझ्यावर संशय घेणार."

"का घेऊ?"

"गाडी मी बांधली. लोक म्हणतील, काहीतरी चुकीचं बसवलं होतं, ते लपवायला काढून नेलं."

"लोक म्हणोत. तुम्हाला लपवायचंच असतं तर आज गाडी तुमच्याच कारखान्यात येणार होती. तिथे आरामात काढून भंगारात फेकलं असतं. अंधारात धडपडायला तुम्ही खुळे नाही." मावशीने त्यांना स्टूल दिलं. "मला एवढंच सांगा. गेलेल्या जोडात असं काय होतं, जे उजवीकडच्यात नाही?"

मिस्त्री बराच वेळ कान खाजवत बसले.

"चकती," ते शेवटी म्हणाले. "डाव्या स्प्रिंगच्या डोक्यावर मी एक जाड चकती घातली होती. तेवढी ती बाजू उंच राहावी म्हणून."

"का?"

"माझी पद्धत आहे ती. गाडी मोकळी असताना सगळे लेव्हल करतात. मोकळी गाडी काय शोभेला ठेवायची आहे? मी गिऱ्हाइकाला सांगतो, प्रवासाला निघाल्यासारखं सामान भरा, ज्याचं त्याने आपापल्या जागी बसा, मग मी पाणसळ लावून लेव्हल करतो. एका बाजूला जड माणूस असेल तर त्या बाजूला चकती. मग लांबच्या रस्त्यावर गाडी ओढत नाही, माणूस थकत नाही."

भाची दारात उभी होती. ती आत आली.

"म्हणजे गाडी उजवीकडे झुकते ती..."

"झुकत नाही, पोरी. ती डावीकडे उंच आहे. डावीकडच्या माणसाची वाट बघत उभी आहे, असं समज."

वर पत्र्याने एकदा टक केलं.

"कोण बसलं होतं डावीकडे?" मावशीने विचारलं.

"तेच तर. साहेब एकटे आले होते. डाव्या सीटवर वाळूची पोती रचली आणि म्हणाले, जोडीदार एवढ्या वजनाचा आहे, याच्यावर लेव्हल करा. मी म्हटलं, त्यांनाच घेऊन या की. तर म्हणाले, तो सध्या घराबाहेर पडत नाही. ते एकटेच गेले असं कळलं तेव्हा मला वाटलं, जोडीदार ऐनवेळी आला नसेल. पोलीस आले तेव्हा त्यांनी ब्रेक विचारले, मी ब्रेक सांगितले. चकती कुणी विचारलीच नाही."

"आणि हे काम कधी केलंत?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "ते गेले त्याच आठवड्यात."

४

भटक्या आला तो तावातावाने. त्याच्याकडे अगदी याच मॉडेलची गाडी होती, त्यामुळे पहिलं बोट आपल्याकडे वळणार हे त्याने घरूनच ठरवून आणलं होतं.

"एक स्प्रिंग चोरून मी काय माझी गाडी लंगडी करू? स्प्रिंग बदलायची तर जोडीने बदलतात, हे शेंबडं पोरही सांगेल."

"म्हणूनच तुला चहा दिलाय, बेड्या नाही," मावशी म्हणाली. "बस. शेवटच्या सहलीला तू का नव्हतास?"

भटक्याचा आवाज एकदम खाली आला. "नेलं नाही त्याने. प्रत्येक वेळी मी असायचो. या वेळी मी स्वतःहून विचारलं, तर म्हणाला, गाडीत जागा नाही रे. मला फार लागलं ते. मग जे झालं ते कळल्यावर वाटलं, याला एकट्यालाच जायचं होतं, मला कटवायला काहीतरी बोलला."

"नेमके शब्द काय होते?"

"गाडीत जागा नाही. एवढेच."

मावशीने खिडकीतून शेडकडे बघितलं. पिकअपच्या केबिनमध्ये दोनच सीट होत्या. एकट्याला जायचं असेल तर माणूस म्हणतो, मला एकट्याला जाऊ दे. जागा नाही म्हणतो तेव्हा जागा भरलेली असते.

कप घेऊन ती उठली. "चल," ती भाचीला म्हणाली, "काकांकडे जाऊन येऊ."

काका पुढच्या खोलीत होते. देह भक्कम, दारात उभे राहिले की दार भरून जाई. त्यांचं टायरचं दुकान होतं. काकू सोडून गेल्यावर ते बंद पडलं आणि काकाही बंद पडल्यासारखेच झाले. त्यात वर्षापूर्वी गुडघा गेला, जिन्यावरून पडलो असं ते सांगत.

"भंगारवाला असेल कोणीतरी," ते म्हणाले. "मी तर वर्षभरात त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, ताई. बघवत नाही मला ती गाडी."

"खरं आहे, भाऊ. मलाही तिथे मोठ्याने बोलावं लागतं."

काका हसले नाहीत. मावशी खोलीभर नजर फिरवत होती. टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर निळ्या जाड उशा बांधलेल्या होत्या. काका बसले होते त्या खुर्चीवर मात्र नुसतं लाकूड होतं. गुडघ्याचं दुखणं असलेला माणूस कडक खुर्चीवर आखडून बसला होता.

"संध्याकाळी शेडमध्ये या," मावशी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली. "मिस्त्री तात्पुरता जोड बसवतायत. तुम्ही टायरवाले, तुमची नजर हवी."

काकांनी हो म्हणायला फार वेळ घेतला.

बाहेर आल्यावर भाचीने मावशीचा दंड पकडला. "मावशी, काका नाही. काकाने मला सायकल शिकवली."

"अगं, मला तरी कुठे हवंय ते," मावशी म्हणाली, आणि तिला खरंच नको होतं.

५

उन्हं कलली होती. मिस्त्रींनी त्याच मापाची स्प्रिंग आणि त्याच जाडीची नवी चकती घालून जोड बसवला, चाक चढवलं, ठोकळा काढला. गाडी खाली आली, करकरली, आणि उजवीकडे दोन बोटं झुकून थांबली. जशी वर्षभर उभी होती तशीच.

मिस्त्रींनी पुढच्या बंपरवर पाणसळ आडवी ठेवली. हिरव्या पाण्यातला बुडबुडा डावीकडे पळाला.

"पोरी, तू ड्रायव्हरच्या जागी बस," मावशी म्हणाली. "तुझी अंगकाठी बाबांचीच आहे."

भाची थबकली. मग खुंटीवरचं बाबांचं जाकीट तिने अंगात घातलं, धीर यावा म्हणून असेल, आणि आत जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवले. बुडबुडा आणखी सरकला. काचेआड, कमी उजेडात, जाकिटाच्या आत ती बसली होती, आणि भटक्याच्या तोंडून नकळत "अरे देवा" निघून गेलं.

"आता एकेकाने डावीकडे बसायचं," मावशी म्हणाली.

मिस्त्री बसले. ते किडकिडीत, बुडबुडा जेमतेम हलला. भटक्या बसला. बुडबुडा अर्ध्या वाटेवर आला आणि थांबला.

"भाऊ?"

काका लंगडत पुढे आले. डाव्या दाराच्या दांडीवर हात ठेवला. दार उघडलं. आणि ते तिथेच उभे राहिले. केबिनमधल्या जाकिटाकडे बघत होते ते. त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी नाही बसणार," ते म्हणाले.

"का, भाऊ?"

"तो बसलाय तिथे." आवाज लहान मुलासारखा निघाला. "त्याच्या शेजारी मी परत नाही बसू शकत, ताई."

६

मावशीने त्यांना स्टुलावर बसवलं. मग ती हळू आवाजात बोलली. पहिल्यांदाच त्या शेडमध्ये तिचा आवाज हळू होता.

"या वजनाची माणसं काय, ढीगभर सापडतील. वजनाने मी कुणाला पकडत नव्हते. मला बघायचं होतं, कुणाला बसायची भीती वाटते. बाकीचं तुम्हीच सांगून ठेवलं होतं. चाकाचे नट परत बोल्टवर बसवायची सवय टायरवाल्याची. गाडी पिळवटू नये म्हणून ठोकळा नेमक्या जागी लावलेला. दुखऱ्या गुडघ्याखाली घेतलेली उशी ग्रीसने माखली म्हणून तुम्ही कडक खुर्चीवर बसलात. मिस्त्री आज सगळं खोलणार, चकती बघून जोडीदार कोण होता ते विचारणार, हे काल चहाला कळलं तुम्हाला. घराबाहेर न पडणारा जड जोडीदार, ज्याच्यासाठी भावोजींनी भटक्यालाही जागा नाही म्हणून सांगितलं. तो जोड कुठेय, भाऊ?"

"माझ्या कपाटात," काका म्हणाले. "फेकवला नाही. त्यानेच सांगितलं होतं मला हसत, तुझ्या वजनाची चकती टाकलीय, आता नाही म्हणायची सोय नाही."

भाची गाडीतून उतरली होती. जाकीट तसंच अंगात होतं.

"मी त्याला एकदा बोललो होतो, मला आता जगायचं नाही," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेला. म्हणाला, आपण दोघंच जाऊ, कुणाला सांगायचं नाही, लोक तुला वेडा म्हणतील. रस्ताभर गाणी म्हणत होता. तुझ्याशी फोनवर बोलला तेव्हाही मी शेजारी होतो, चिमणे. फोन ठेवला आणि म्हणाला, पोरगी आईवर गेलीय, बघ कशी झापते. किती खूश होता."

भाचीच्या तोंडून काहीतरी आवाज आला. रडणं होतं की हसणं, तिलाही कळलं नसेल.

"पहाटे तो झोपलाय असं बघून मी कड्याकडे गेलो. तो जागाच होता. मागून येऊन कॉलर धरली आणि मला कड्यापासून मागे फेकलं. गुडघ्यावर पडलो मी. आणि त्याच्या पायाखालचा दगड सुटला." काकांनी गुडघा चोळला. "माझी पिशवी घेतली आणि रस्त्यापर्यंत गेलो. एका मालट्रकने आणलं. सांगणार होतो. पण इथे आलो तर लोक त्याच्याबद्दल कुजबुजत होते. जे माझ्याबद्दल बोलायला हवं होतं ते त्याच्याबद्दल बोलत होते. मी गप्प बसलो. मग रोज गप्प बसलो."

शेडमध्ये अंधार उतरत होता. मावशीने आयुष्यभर अशा शेवटांवर सही केली होती आणि घरी जाऊन जेवली होती. आज तिला भावोजींचा अभिमान वाटत होता आणि समोरच्या माणसाला धरून हलवावंसंही वाटत होतं.

"म्हणजे बाबा मरायला गेले नव्हते," भाची म्हणाली.

"नाही गं. तो मला जगवायला गेला होता."

"वर्षभर, काका." तिचा आवाज चढला नाही, पण काका जागच्या जागी आक्रसले. "मी वर्षभर त्यांच्या फोनचं ओझं घेऊन फिरले. तू भिंतीपलीकडे होतास. रोज मला विचारायचास, जेवलीस का म्हणून."

काकांनी हात जोडायला उचलले, ते अर्ध्यावरच राहिले.

मिस्त्री खाकरले. त्यांना अशा ठिकाणी उभं राहायची सवय नव्हती. "पोरी, म्हणजे मी विचारतो आपलं. डावीकडची चकती काढू? तू एकटीच जाणार होतीस ना?"

भाचीने नाक पुसलं. गाडीकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हा येतोय उद्या माझ्याबरोबर. आधी तिथल्या पोलीस चौकीत उतरायचं, आणि जे आत्ता सांगितलं ते तिथे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग कड्यावर. माफ केलं असं समजू नकोस, काका. ते मला अजून जमत नाहीये. पण बाबांनी तुला घेऊन जायचं आणि परत आणायचं ठरवलं होतं, त्यातलं परत आणणं राहिलंय. बस आत."

काका उठले. दाराला धरून, दुखरा पाय आधी आत घेत, ते डाव्या सीटवर बसले. भाची दुसऱ्या बाजूने चढली. गाडी करकरली आणि स्थिरावली. बंपरवरच्या पाणसळीतला बुडबुडा सरकत सरकत मधल्या दोन रेघांच्या आत येऊन थांबला. मिस्त्रींनी ती उचलली आणि शर्टाने पुसली.

सगळे घराकडे गेल्यावर मावशी मागे राहिली. रिकामी गाडी पुन्हा उजवीकडे दोन बोटं झुकली होती. का झुकते ते तिला आता पक्कं माहीत होतं, चकतीच्या जाडीसकट. तरी ती ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"पोरीला कळलं हो, भावोजी," ती म्हणाली. "येते मी."

मग तिने शेडची कडी लावली.